सहीखालची ओळ

ही एकोणीसशे तीसच्या आगेमागची गोष्ट. शेजारचे व्यापारी अकस्मात वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रात दोन ट्रस्टी नेमलेले निघाले. एक, कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. दुसरा मी, शाळेत गणित शिकवणारा. मुलं सज्ञान होईपर्यंत त्यांचे दोन मचवे, म्हणजे मालवाहू शिडाची गलबतं, आम्ही चालवायची होती. मंगळूरहून कौलं आणायची, मुंबईला आंबा न्यायचा.

बायकोने एकच विचारलं, "धंदा बुडाला तर आपलं घर जायचं नाही ना?"

मी शिरस्तेदारांना विचारलं. "नुसती सही केलीत तर जाईल," ते म्हणाले. "म्हणून सहीखाली ओळ लिहायची."

ओळ अशी होती: 'सही केवळ ट्रस्टी या नात्याने. देणे ट्रस्टच्या मिळकतीपुरते. आमच्या खासगी मिळकतीवर बोजा नाही.'

बंदरावरचे व्यापारी तिला शेपूट म्हणत. "आली बघा, शेपटीवाली सही आली!" शिरस्तेदार रागावत नसत. सही करण्यापूर्वी ती ओळ ते समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवत आणि वर सांगत, "म्हणजे मचवा बुडाला तर तुमचे पैसेही बुडतील. आमच्या दारात यायचं नाही. कळलं?" तो 'कळलं' म्हणाला की समासात 'वाचून दाखवले' असं लिहून त्याची सही किंवा अंगठा घेत. यापायी दोन चांगले सौदे माझ्यादेखत मोडले. मी कुरकुरलो तेव्हा म्हणाले, "मास्तर, ज्याला वाचता येत नाही त्याला असा कागद मुकाट्याने देणं म्हणजे फसवणंच की."

त्या पावसाळ्यात थोरला मचवा मिरकरवाड्याच्या किनाऱ्यावर दुरुस्तीला काढला होता. काम उरकत आल्यावर सुताराच्या मजुरीच्या उधारीचा कागद करायला मी एकटाच गेलो. सुतार माझ्या वडिलांच्या वेळचा. तो तेव्हा मचव्याच्या नाळेला, पुढच्या टोकाला, कुंकू लावत होता. दुसऱ्या दिवशी मचवा पाण्यात लोटायचा, आणि मी तोंडाने 'बुडाला तर' म्हणायचं? जीभ रेटेना. त्याने विश्वासाने अंगठा उठवला. ओळ कागदावर होती. समास कोरा राहिला. संध्याकाळी शिरस्तेदारांनीही त्यावर सही केली.

पहिल्याच फेरीत मचवा खडकावर फुटला. माणसं वाचली, माल गेला. दुसरा मचवा आणि गोदाम विकून घेणेकऱ्यांना रुपयाला आठ आणे देता आले. बाकीच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण घेतले. सुतार मात्र शिरस्तेदारांच्या ओटीवर येऊन बसला; मीही तिथेच होतो. त्याचे दोनशे चोवीस रुपये येणं होतं, मिळाले एकशे बारा.

"मास्तरांनी सई केलीन, मी काम केलंय. अर्ध्या सईचं काम केलंय काय मी?"

"कागदात लिहिलंय," मी म्हणालो.

"आमाला काय ठावं त्यात काय हाय ता?"

शिरस्तेदारांनी कागद मागवला. ओळीकडे त्यांनी पाहिलंही नाही, समासाकडे पाहिलं.

"वाचून दाखवलंत?"

"नाही. मचवा दुसऱ्या दिवशी पाण्यात जायचा होता. अभद्र कसं बोलायचं?"

सुतार चमकला. मग हळूच म्हणाला, "ता खरं. बोलला असतात तर मी हातोडाच फेकून मारला असता."

"कायद्याने आपण सुटलो आहोत," शिरस्तेदार मला म्हणाले. "पण याला ठाऊक नव्हतं. छप्पन तुम्ही, छप्पन मी."

चूक माझी होती, तसं मी म्हटलं. "सही दोघांची आहे," ते म्हणाले. "तुम्ही वाचलं नाहीत, मी समास तपासला नाही."

माझा पगार पंचेचाळीस रुपये. घरी सांगितलं. बायको म्हणाली, "घर जाणार नाही ना, असं विचारलं होतं मी. सुताराचे बुडवा असं नव्हतं म्हटलं."

पैसे दिले त्या दिवशी शिरस्तेदारांनी कोऱ्या समासात लिहिलं, 'वाचून दाखवले नव्हते, सबब बाकी ट्रस्टींनी पदरची दिली,' आणि ते सुताराला मोठ्याने वाचून दाखवलं. खाली त्यांनी सही केली, मग मी केली. सहीखाली या वेळी काहीच लिहिलं नाही.