कागदाखालची तणीस

या वयात मला नवीन शब्द शिकायचे नव्हते. चौथीपर्यंत शाळा झाली आणि तेवढ्यावर जन्म निघाला. पण मुलगा वारल्यावर राइस मिल सुनेच्या अंगावर पडली, तिने बाहेरदेशी तांदूळ पाठवायचं ठरवलं, आणि तेव्हापासून ते शब्द घरात शिरले. जेवतानाही तिच्या कानाला फोन. मी समोर बसलेली. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानात जातंच.

आमची मिल करडीच्या रस्त्याला आहे. इतकी वर्षं सरकारी धान भरडून द्यायचं, हेच काम. काही महिने मिल चालायची, बाकीचे महिने मशीनवर धूळ बसायची. मिल विकत घ्यायला एक जण सारखा दारात येऊन बसायचा. सुनेने त्याला सांगितलं, एक कंटेनर जाऊ द्या, नाही जमलं तर सौदा करू. म्हणून सगळं त्या एका कंटेनरवर होतं. माल नीट पोचला तर परदेशातला व्यापारी पुढेही मागवणार होता. नाही पोचला तर मिल जाणार होती.

नागपूरचा एक एजंट कस्टमचे कागद करून द्यायचा. त्याला मी कधी पाहिलं नाही, फक्त आवाज ऐकला. त्याने सांगितलेलं सून भांडी घासताना मोठ्याने घोकायची. कंटेनर मिलवरच भरायचा. भरला की दाराला सील लावायचं आणि सीलचा नंबर कस्टमच्या कागदावर लिहायचा. मग ट्रेलर नागपूरच्या डेपोत, तिथून रेल्वेने मुंबईच्या बंदरावर. ज्या जहाजाने जायचं त्याचा माल डेपोत घ्यायची वेळ ठरलेली असते, तिला कट-ऑफ म्हणतात. ती चुकली की जहाज चुकलं. कंटेनर जास्त दिवस आपल्याकडे राहिला तर जहाज कंपनी भाडं लावते, ते डिटेन्शन. आणि एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत आपला, चढला की घेणाऱ्याचा. सगळ्यांत हाच शब्द मला बरा वाटला होता. एकदा चढला की सुटलो.

भरायच्या दिवशी सकाळीच ट्रेलर कंटेनरचा रिकामा डबा घेऊन आला. हमालांचा मुकादम माझा धाकटा भाऊ, आंधळगावचा. जन्म त्याचा पोती उचलण्यात गेला. कुठल्या कोठारात कोणत्या कोपऱ्यात ओल धरते ते त्याला वासावरून कळतं, आणि तोंडही तसंच तिखट आहे. सुनेने रिकाम्या डब्याचे फोटो काढले, जाड तपकिरी कागदाचे गठ्ठे त्याच्या हवाली केले, "मामाजी, हे खाली अंथरा," म्हणाली आणि फोन आला म्हणून ऑफिसात गेली. ती परत आली तेव्हा कागद अंथरून झाला होता आणि पोत्यांच्या थप्प्या लागत होत्या. दुपारपर्यंत डबा भरला. दार लागलं, सील बसलं. सुनेने सीलचाही फोटो काढला.

मग आम्ही शेडखाली चहाला बसलो. ट्रेलरवाला ड्रायव्हरही होता. भाऊ खुशीत होता.

"बाई, तुझ्या सुनेले सांग," तो मला म्हणाला, "आता माल कुठंबी जाऊ दे, ओल नाही धरत."

"काहून? तू का मंतर मारला?"

"मंतर कायले? कागदाच्या भरोशावर तांदूळ पाठवते का कोनी? खाली चांगली कोरडी तणीस टाकली, तिच्यावर कागद. कागदही खूश, तांदूळही खूश."

तणीस म्हणजे धानाचं वाळलेलं गवत. आमच्याकडे पोत्यांखाली तणीस घालतातच. माझ्या आईने घातली, मीही घातली. त्याने काही वेगळं केलं नव्हतं. पण आदल्या दिवशी सून स्वयंपाकघरात व्यापाऱ्याने पाठवलेली यादी वाचत होती ते मला आठवलं. डब्यात माती नको, पान नको, काडी नको, गवत नको. त्या देशात असलं काही सापडलं तर माल उतरू देत नाहीत.

मी चहा संपवला. बोलायची अजिबात इच्छा नव्हती. हमाल घामाने भिजलेले, सून सकाळपासून उपाशी. गप्प बसले असते तर सगळे घरी गेले असते. पण माल परत आला असता तर मिल गेली असती, आणि मला ते माहीत होतं म्हणून मला झोप आली नसती. उठले आणि ऑफिसात जाऊन तिला सांगितलं.

ती आधी हसली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एजंटला फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवला होता.

"मॅडम, सील लागलं ना?" एजंट म्हणाला.

"लागलं."

"मग तुम्ही मला काही सांगितलं नाही आणि मी काही ऐकलं नाही. गाडी सोडा. कट-ऑफ गाठा."

तिने फोन ठेवला. मी म्हटलं, "एफओबी आहे ना? चढलं की आपलं नाही, असं तूच घोकत होती. जाऊ दे मग."

"तसं नाही आई. समुद्रात माल भिजला, बुडला, तर ते त्याचं. आपण भरतानाच जे आत टाकलं ते आपलंच राहते. तिथं दार उघडलं की तो पहिले माझंच नाव घेईन."

म्हणजे त्या शब्दातही सुटका नव्हती.

तिने एजंटला पुन्हा फोन करून सील तोडते म्हणून सांगितलं. नवीन सील, नवीन नंबर, कागदात दुरुस्ती. तो बराच वेळ ओरडला. ती "हो, हो" म्हणत राहिली. मग बाहेर येऊन तिने भावाला सांगितलं की सगळी पोती खाली काढायची आहेत.

भाऊ तिच्याशी बोललाच नाही, माझ्याशी बोलला. "म्या का वाळवी टाकली डब्यात?"

"वाळवी नाही, तणीस टाकली. त्यांच्या देशात ते चालत नाही."

"मंग मले काहून नाही सांगतलं? महिनाभर तुमी सासू-सुना सील आन कट-ऑफ आन काय काय बोलून राहिल्या. पोतं उचलनाऱ्याले एक शबद नाही सांगतला. कागद देला आन म्हने अंथरा."

सून म्हणाली, "चुकलं मामाजी."

"चुकलं म्हनलं का पोतं हलकं होते का?"

मी म्हटलं, "भाऊ, भांडायचं तर भांड, पण पोती काढता काढता भांड. डेपोचं गेट बंद होऊन राहिलं."

ड्रायव्हर कटर घेऊन आला. "माताजी, मेरा तो दिन गया," म्हणाला आणि सील तोडलं. ते तुटायला काही वेळ लागला नाही.

भरताना हमाल गाणी म्हणत होते, काढताना नुसती पोती आपटत होते. सगळी पोती शेडमध्ये आली. कागद फाटत निघाला. खालून तणीस निघाली, पिवळीजर्द, चांगली निवडून आणलेली. भावाने ती दुसऱ्या कोणाला उचलू दिली नाही. स्वतः वाकून काडी न् काडी काढली, डब्याच्या तळाच्या फळ्यांच्या फटीतली नखाने काढली. तो म्हातारा झाला आहे हे मला त्याच्या पाठीकडे पाहून कळलं. सून झाडू घेऊन मागे. मग नवा कागद, पुन्हा पोती, पुन्हा दार, नवं सील. ट्रेलर निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं.

तो डेपोच्या गेटवर पोचला तेव्हा गेट बंद झालं होतं. जहाज चुकलं. पुढच्या जहाजावर माल ढकलला, त्यालाही एक शब्द आहे, रोल ओव्हर. सुनेने त्या व्यापाऱ्याला काय झालं ते खरं खरं लिहिलं, काढलेल्या तणसीचा फोटोही पाठवला. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. त्या दोन दिवसांत मिल घेणारा माणूस चहा पिऊन गेला. मग उत्तर आलं, उशीर चालेल. माल पोचला, तिथे दार उघडलं, काही सापडलं नाही. पुढे दुसरी मागणी आली. मिल अजून आमच्याकडे आहे. थकवाही आमच्याकडेच आहे.

दुसऱ्या कंटेनरच्या दिवशी भाऊ हमालांना घेऊन आला आणि डब्यासमोर खाली बसला.

"हं, वाच सूनबाई. काय काय नाही टाकाचं?"

सून वाचायला लागली. माती नाही, बी नाही, काडी नाही.

"माती नाही? मंग आमी बिनपायाचे जाऊ का आत?"

"पाय धुऊन जा, मामाजी."

"ऐका रे," तो हमालांना म्हणाला, "तांदूळ विलायतेले चालला आन आंघोळ आपल्याले."

हमाल हसले, पण ओळीने पाय धुवायला उभे राहिले. मी पंप सुरू केला. गुडघे दुखत होते. बसावं म्हटलं तर सगळं ओलं झालं होतं, म्हणून उभीच राहिले.