झेरॉक्सवाल्या मावशीचा माफीनामा

"आख्खं पुस्तक नाही मिळायचं, बाळा. एक प्रकरण घे. भिंतीवरची पाटी वाच, डोळे काय नुसते मिटायला दिलेत?"

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जिन्याखाली झेरॉक्सचं मशीन, आणि त्यापाशी एकोणीस वर्षं उभी असलेली मावशी. शाळा सातवीपर्यंत. पण कॉपीराइटचा नियम तिनं ग्रंथपालांना तीनदा विचारून पक्का केलेला: अभ्यासापुरता थोडा भाग चालतो, सबंध पुस्तक नाही. पाटीही तिनंच चिकटवलेली.

घोळ घातला तो एका प्राध्यापकानं. नऊ पोरांना त्यानं एकाच पुस्तकाचं एकेक प्रकरण वाटून दिलं. नऊ जण रांगेत आले, आपापलं प्रकरण घेऊन गेले. नियम शाबूत. दुसऱ्या दिवशी तेच कागद गोळा करून प्राध्यापक स्वतः हजर.

"मावशी, हे शिवा. आणि यावरून वर्गासाठी चाळीस काढा."

"सर, हे तर पुस्तकच झालं की!"

"आता कायदा तुम्ही शिकवणार मला?"

मावशीनं चाळीस प्रती काढल्या. चाळीस बाडं शिवली.

महिन्याभरात प्रकाशकाचा माणूस विभागात आला. टेबलावर त्यातलंच एक बाड. तक्रार झाली. कुलसचिवांच्या खोलीत प्राध्यापक पंख्याकडे बघत म्हणाला, "मी फक्त प्रकरणं वाचायला सांगितली होती. बाकीचं यांनी परस्पर केलं."

कुलसचिवांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'नियमाच्या अज्ञानामुळे माझ्याकडून हे घडले.' सही केली तर मशीन राहील, नाहीतर सोमवारी कोपरा रिकामा.

"अज्ञान? साहेब, पाटी मीच लावलीय."

"शब्दात कशाला अडकता, मावशी?" प्राध्यापक.

"मी कुठं अडकतेय, सर. मला अडकवलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर टाके मावशीच्याच हातचे होते. घरी अर्धांगवायू झालेला नवरा अंथरुणात, आणि दोघांचं पोट त्या एका मशीनवर. तिनं सही केली. प्राध्यापकानं खिशातलं पेन दिलं होतं. सही होताच परत मागून घेतलं.

दारात कारकुनानं कागद तिच्याच हातात ठेवला. "तीन प्रती काढून आणा. एक सरांच्या फाइलला लागेल."

तिनं तीन काढल्या. एक जरा फिकट आली, ती फाडून पुन्हा काढली. नेऊन दिल्या.

परत आली तेव्हा सहा जण रांगेत ताटकळत होते.

"बोल गं पोरी, कुठल्या पानापासून कुठपर्यंत?" म्हणत तिनं झाकण उचललं.