बोटं, जीबीएस आणि वांग्याचं बी

"मेंदू ठीक आहे, कणाही ठीक आहे. बिघाड तारांमध्ये आहे," मज्जातंतूंचे डॉक्टर म्हणाले. "याला जीबीएस म्हणतात, गुलेन बारे सिंड्रोम. आज पाय गेलेत, एक-दोन दिवसांत हातही जातील. श्वासावर आलं तर यंत्र जवळ असावं म्हणून तुम्हाला आयसीयूत ठेवतोय."

मी स्ट्रेचरवर होते. माझे यजमान पायाशी उभे होते, माझ्या चपला हातात घेऊन. त्यांनी विचारलं, "पण बरी होईल ना?"

"बहुतेक जण होतात."

त्या 'बहुतेक'कडे तेव्हा आमचं दोघांचंही लक्ष गेलं नाही. तुम्ही द्या. हा आजार ज्यांच्या घरात आला असेल त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे, त्यामुळे गोड करून सांगणार नाही.

जीबीएस म्हणजे काय, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. पोट बिघडतं किंवा ताप येतो. त्या जंतूंना मारायला शरीर जी द्रव्यं तयार करतं, ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करतात. मज्जातंतू म्हणजे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणाऱ्या तारा. तारेवरचं वेष्टण खराब झालं तर ते पुन्हा तयार होतं. आतली तारच गेली तर फार वेळ लागतो, आणि काही वेळा ती येतच नाही. माझा प्रकार हा दुसरा होता.

मी मुळशीतल्या रिहे गावची. पिरंगुटच्या एका कंपनीत तपासणी विभागात होते. आमच्याकडे पितळेच्या करंगळीहून बारीक नळ्या बनायच्या. एकेक नळी चिमटीत धरायची आणि दुसऱ्या हाताचं बोट कडेवरून फिरवायचं. कापताना कडेला धातूची कुसळासारखी बारीक कूस राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. पंधरा-सोळा वर्षं माझा पगार त्या बोटांचा होता.

एका लग्नातलं जेवण बाधलं, जुलाब झाले, थांबले. पुढच्या आठवड्यात तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. बसथांब्याकडे जाताना मागून एक बाई ओरडली, "ओ ताई, चप्पल मागं राहिली की!" मी अनवाणी चार-सहा पावलं पुढे गेले होते आणि मला कळलंही नव्हतं. मी हसले. गावच्या डॉक्टरांकडून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घेतल्या आणि कामावर गेले. मग जिना चढता येईना, मग मोरीतून उठता येईना.

ते दिवस मी फुकट घालवले. पायाच्या मुंग्या आणि अशक्तपणा असा खालून वर सरकत येत असेल तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. गोळ्या खात बसू नका.

पुण्याच्या हॉस्पिटलात पाठीतून सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं, त्याला लंबर पंक्चर म्हणतात. ऐकून वाटतं तेवढं दुखत नाही. एनसीव्ही म्हणजे हातापायाला विजेचे झटके देऊन तारेतून निरोप किती वेगाने जातो ते बघणं. ते मात्र दुखतं. औषध आयव्हीआयजी नावाचं. लोकांनी दान केलेल्या रक्तातून काढलेली प्रथिनं शिरेतून थेंब थेंब देतात. कुणाकुणाच्या रक्तातली ती असतील, हे मला कधीच कळणार नाही. त्यांना माझा नमस्कार.

सगळ्यात वाईट तपासणीला यंत्रही लागत नव्हतं. एक श्वास घ्यायचा आणि तो पुरेल तोवर एक, दोन, तीन म्हणत जायचं. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायला लावत. पहिल्यांदा मी तिशी ओलांडली. मग पंचविशीत अडकले. मग एका सकाळी अठरानंतर आवाजच निघेना. डॉक्टर नर्सला म्हणाले, "ट्यूब तयार ठेवा." बाहेर यजमान खुर्चीत बसून होते. नर्सने त्यांना आत बोलावून घेतलं, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

श्वासासाठी घशात घालायची ती ट्यूब मला लागली नाही. अठरावरच थांबलं. शेजारच्या खाटेवर मुळशीतल्याच चांदे गावचे एक गृहस्थ होते, आजार हाच, त्यांना ट्यूब होती. एके दिवशी मला जाग आली तेव्हा ती खाट पुसून रिकामी ठेवलेली होती.

घरी आणलं तेव्हा मान आणि खांदे माझे होते, बाकीचं सगळं दुसऱ्याने उचलायचं. यजमानांनी मला भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. शेजारी थोरल्या जाऊबाई राहतात. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. त्या वेणी घालायला यायच्या आणि घालताना बडबडायच्या.

पाय हळूहळू आले. आधी वॉकर, मग पावलं लटकू नयेत म्हणून घोट्याला प्लास्टिकचे पट्टे. हात मनगटापर्यंत आले आणि थांबले. अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग बसून खड्डा पडला. बोटं अर्धी मिटलेली राहायची.

कंपनीतून साहेबांचा फोन आला. "दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, बाई. नळी चिमटीत धरता आली की या." माणूस सरळ होता. त्या दिवसापासून मला एवढंच हवं होतं, दिवाळीच्या आत चिमूट.

प्राची नावाची फिजिओथेरपिस्ट पिरंगुटहून यायची. फिजिओथेरपी म्हणजे व्यायाम देऊन स्नायू जागे करणं. तिने राजमा, हरभरा, मूग आणि मोहरी एका ताटात मिसळायला लावलं आणि म्हणाली, "काकू, आता हे वेगळं करा. राजमा जमला की हरभरा. मोहरी जमली की माझी सुट्टी."

आक्कांनी ते बघितलं. "अगं मंगल, सासूनं सुदिक तुला कधी येवढं निवडाय लावलं न्हवतं!"

राजमा उचलायलाच आठवडे गेले. दाणे घसरायचे, खाटेखाली जायचे, घामाने चिकट व्हायचे. शेवटी आक्का म्हणाल्या, "हे काय आता शिजवायचं न्हाई. दे, टाकून येते." टाकणं माझ्या जिवावर आलं. अंगणात रंगाची रिकामी बादली होती. यजमानांना म्हटलं, तिच्यात माती भरा. एकेक राजमा मातीवर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. चिमटीत जोर नव्हता, अंगठ्यात होता. त्यात विचार असा काहीच नव्हता.

काही दिवसांनी माती एका जागी फुगली. दुसऱ्या दिवशी तिथे वाकलेला देठ दिसला. डोकं अजून मातीत आणि मान बाहेर. संध्याकाळपर्यंत त्याने मातीचं अख्खं ढेकूळ बाजूला सारलं. मला तेव्हा चमचा उचलवत नव्हता. मी वॉकर धरून तिथेच उभी राहिले. पाय थरथरायला लागले तेव्हा यजमानांनी खुर्ची आणून दिली.

भाताच्या गावात जन्म काढून मी तोवर एकही बी पेरलं नव्हतं, हे सांगितलं तर खोटं वाटेल. आमच्या घरी राबात बी टाकतात ते पुरुष. राब म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेला वाफा, त्यात भाताची रोपं तयार करतात. आम्हा बायकांचं काम त्यापुढचं. रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखलात लावायची. रोप माझ्या हातात आलं ते कायम वीतभर वाढलेलंच. त्याच्या आधी काय होतं, ते मी कधी बघायला गेले नव्हते.

पुढच्या वेळी बाजारातून यजमानांनी माझ्या सांगण्यावरून वांग्याच्या बियाची पुडी आणली. चपटं, पिवळसर, मिरचीच्या बियाएवढं. चिमटीला याहून चांगला अभ्यास कुठला? निदान मी सांगताना तरी तसंच सांगितलं. प्लास्टिकच्या घमेल्यात माती घालून पेरलं. उगवलंही छान, दाट.

आणि मग आम्ही घाण केली. आक्का म्हणाल्या, "पाणी तुंबवून ठिव. मुळं सैल ऱ्हात्यात, उपटाय सोपं." मला पटलं. आयुष्यभर दोघींनी रोप म्हणून बघितलं ते भाताचं, पाण्यात उभं असलेलं. रोज सकाळी घमेलं काठोकाठ भरायचो. चार-पाच दिवसांत रोपांच्या माना मातीलगत दोऱ्यासारख्या बारीक झाल्या. मग ती एकेक करून आडवी झाली.

यजमानांनी घमेल्यात डोकावून बघितलं. "दोघींनी मिळून वांगीभात केला की!"

आक्का हसल्या. मला रडू आलं. आयसीयूत मी रडले नव्हते, त्या घमेल्यावर रडले. आवरेचना. पुढचे काही दिवस जेवण नको, बोलणं नको, ताटही नको.

प्राचीने ते पाहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला. या आजारात डिप्रेशन येतं, म्हणजे मन खचून बसतं, त्यालाही औषध असतं, असं त्यांनी सांगितलं. मी गोळी सुरू केली. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही घ्या. पायाला पट्टा बांधायला लाज वाटत नाही, मग गोळीलाच का वाटावी?

यजमानांनी खिळा तापवून घमेल्याच्या तळाला भोकं पाडली. मी पुन्हा पेरलं. या वेळी पाणी फक्त शिंपडलं, माती हाताला सुकी लागली तरच. रोपं टिकली. पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच असतात, खरं वांग्याचं पान त्यानंतर येतं, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. मग टोमॅटो, मग दोडका. दोडक्याचं बी टणक, रात्रभर भिजवावं लागतं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार हाताचा यायचा, तो आता घमेल्याचा यायला लागला. हे मी कुणाला बोलले नाही. घरी विचारलं तर सांगायचे, व्यायाम चाललाय.

एकदा प्राचीने मला पकडलं. मी बोट पाण्यात बुडवून बियावर टेकवायचे. बी चिकटायचं, ते मातीवर नेऊन सोडायचं.

"काकू, हे चीटिंग आहे."

"बी मातीत गेलं ना?"

"बी गेलं. चिमूट कुठे झाली?"

तिचं बरोबर होतं. ताटात मी मुगापर्यंत पोचले होते आणि तिथेच अडकले होते.

दिवाळीच्या थोडं आधी पुन्हा एनसीव्ही झाली. डॉक्टरांनी कागद उलटसुलट बघितले. म्हणाले, "पाय छान आलेत. हाताच्या बारीक स्नायूंच्या तारा मात्र आल्या नाहीत. थोडी सुधारणा अजून होईल. पण चिमूट पूर्वीसारखी होईल असं मी सांगणार नाही."

मी विचारलं, "पितळेची नळी धरता येईल? करंगळीपेक्षा बारीक?"

ते म्हणाले, "धरता आली तरी तिची कड बोटाला कळणार नाही. नाही, ताई."

हे त्यांनी सरळ सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. 'बहुतेक'मध्ये न बसणारी माणसंही असतात. त्यांना लवकर सांगितलेलं बरं.

परतताना पिरंगुट यायच्या आत मी गाडीतूनच साहेबांना फोन केला. "माझ्या जागेवर दुसरी बाई घ्या." ते म्हणाले, ऑफिसात काही हलकं काम बघू. मी बरं म्हटलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. तपासणीच्या टेबलावर आता कोण बसतं, मला माहीत नाही.

घरी आल्यावर यजमानांनी कडधान्याचं ताट उचललं आणि फडताळात वर ठेवून दिलं. एवढ्या महिन्यांत त्यांनी माझं काय काय केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. मानले असते तर घाबरले असते, आता हिला आणखी काय झालं म्हणून.

त्यानंतर कितीतरी दिवस मी अंगणात गेले नाही. चिमूट येणार नव्हती, मग पेरायचं कशासाठी? आक्काही म्हणाल्या, "बास झालं आता. कशाला जिवाला तरास?" वांग्यांना पाणी त्याच घालत होत्या. मी आत पडून असायचे.

दिवाळी झाली. एका सकाळी कपाटात औषधं शोधताना कांद्याच्या बियाची पुडी हाताला लागली. घेऊन ठेवलेली होती, वेळ निघून चालली होती. मी पट्टे बांधले आणि बाहेर गेले. माती भुसभुशीत केली, ती करता येते. पुडी दातांनी फाडली. काळं, बारीक बी तळहातावर ओतलं आणि हात हलवत मातीवर सोडत गेले. एका जागी ढीग पडला, एका जागी पडलंच नाही. काही वाऱ्याने फरशीवर गेलं.

आक्का त्यांच्या दारातून बघत होत्या. त्या जवळ आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आता कुणाला परीक्षा द्यायची हाय?"

"कुणालाच न्हाई."

"मग काय करतीयास हितं?"

"कांदा उगवताना कसा दिसतो, ते मी बघितलं न्हाई, आक्का."

त्यांनी कमरेवरचे हात काढले. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी बी न्हाई."