कॅलेंडरवरचं टिंब

ईराला सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तेव्हा तिची आई अपर्णा डॉक्टरकडे गेली नाही. तिने पोरीला दर महिन्याला चार दिवस बाजूला बसवायला सुरुवात केली. माधव नगरच्या त्या घरात सासूबाईंचं, म्हणजे अक्कांचं, सोवळं कडक. नात अजून कशी बसत नाही, हे त्यांनी दोनदा विचारलं होतं. अपर्णा कॅलेंडरवर वर्षभराची बारीक टिंबं करून ठेवायची. टिंब आलं की ईराची चटई वेगळी, ताट वेगळं. एकदा ऐन गणपतीत टिंब आलं आणि पोर आरतीला दाराबाहेर उभी राहिली. शंका नको म्हणून आईने तेही हलवलं नाही. काय हुशारी म्हणावी!

नोकरी लागल्यावर ईराने स्वतःच इंदूरची डॉक्टर गाठली आणि आईलाही नेलं. गर्भाशय नाही, योनिमार्ग जन्मापासून तयारच झालेला नाही. मूल होणार नाही, पण शस्त्रक्रियेने मार्ग करता येईल. नंतर तो मार्ग पुन्हा मिटू नये म्हणून काही महिने आत साचा ठेवावा लागेल, असं डॉक्टरबाई समजावत होत्या, तेव्हा अपर्णा मेल्याहून मेल्यासारखी होऊन दाराकडे बघत होती. ओळखीचं कोणी ऐकत तर नाही ना! घरी सांगितलं, अपेंडिक्स.

"ऑपरेशन लपव हवं तर," ईरा म्हणाली, "पण आई, ते चार दिवस आता बंद कर."

ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी अक्का अंगारा घेऊन नातीच्या पलंगापाशी आल्या. "बेटा, तबियत कशी आहे गं?" म्हणत त्यांनी हात पुढे केला. अपर्णाची नजर सवयीने कॅलेंडरवर गेली.

"अक्का, शिवू नका! बसलीय ती."

ईराने भिंतीकडे तोंड फिरवलं. इतकी वर्षं अपर्णाला पोरीची लाज वाटायची. आज स्वतःची वाटली, आणि ती लाज फार वाईट होती.

"खोटं बोलले मी, अक्का. ती कधीच बसली नाही. मीच बसवत होते." मग तिने सगळं सांगून टाकलं, अपेंडिक्ससकट.

अक्कांनी अंगारा ईराच्या कपाळाला लावला. हात तिथेच राहिला.

"दर महिन्याला मी हिला लांब हो, लांब हो म्हणत राहिले," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तू बघत होतीस?"

"हो," अपर्णा म्हणाली.