मिस्त्रींच्या हातावर पडलेलं दार

मला मारायची सवय आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. लहानपणी मी भावाला मारलं. कॉलेजात असताना एसटीत मागून चिकटणाऱ्या एकाला चपलेनं मारलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पोरांनाही मारलं, छडीवर बंदी येईपर्यंत आणि खरं सांगायचं तर थोडं त्यानंतरही. येडशीकडच्या आमच्या शाळेत मला मागं 'तोफ' म्हणत आणि मला ते आवडायचं. राग आला की माझे कान तापतात. त्यानंतर हात काय करतो ते मला सगळ्यांत शेवटी कळतं.

गाडी मी चाळिशी उलटल्यावर घेतली, स्वतःच्या पगारातून. शिकवणाऱ्यानं माझ्यापुढं दोनदा हात जोडले, पण शिकले. तिसऱ्या वर्षी पायाखालचं मॅट धुवायला उचललं, तर खाली पत्र्याचे तांबडे पापुद्रे सुटलेले. मी बोटानं दाबलं. बोट आत गेलं आणि त्याला खालून वारा लागला.

कंपनीनं गंजासाठी सहा वर्षांची हमी दिलेली होती, म्हणून सोलापूर रस्त्यावरच्या शोरूमला गेले. मॅनेजरनं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "मॅडम, गाडी कोकणात नेली होती का?"

"नाही."

"मग गंज कसा येईल? धाराशिवची हवा कोरडी आहे."

"तेच मी तुम्हाला विचारायला आलेय."

"बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतली असेल. वापरणाऱ्याची चूक हमीत बसत नाही, मॅडम."

आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. मी महिनोन् महिने गाडी नुसती ओल्या फडक्यानं पुसलेली. कान तापले. चहाचा कप त्याच्यामागच्या काचेवर फुटला आणि वॉचमननं मला दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता मी त्याच्याही नडगीवर लाथ घातली. आता वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं.

तिथून मी मिस्त्रींकडं गेले. तुळजापूरच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. ठोकलेल्या गाड्या सरळ करणं, रंग मारणं, हेच काम त्यांनी चाळीस वर्षं केलेलं. डोळे मिटून उजवा तळहात पत्र्यावरून फिरवायचे आणि गाडी कुठं ठोकली होती, कुठं पुट्टी भरलीय, ते सांगायचे. मालकानं लपवलेलं असलं तरी सांगायचे. त्यांनी माझ्या गाडीखाली हात घातला आणि सगळा पत्रा बोटांनी चाचपला.

"आतनं खाल्लंय बाई," ते शेवटी म्हणाले. "ह्या मॉडेलला आतल्या अंगानं लेपच दिला न्हाय. अशा सात गाड्या आल्यात माझ्याकडं. तुमची आठवी."

"मग तुम्ही गप्प का बसलात?"

"गप कुठं बसलो? म्या रंग मारतो, चार महिन्यांत खालनं फुगतं. लोकं म्हनतात मिस्त्री चोर, हलका माल वापरतो. एकानं तर कानाखाली दिली माझ्या. हितंच, कामगारांपुढं."

मारणारा गावातला एक आडत्या होता. त्याची गाडी माझ्याच मॉडेलची. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आडतीवर गेले आणि त्याला घेऊन शेडवर आले. मिस्त्रींनी त्याचाच हात धरून त्याच्याच गाडीच्या पत्र्यामागं घातला. आडत्याचा चेहरा उतरला. त्यानं माफी मागितली नाही, पण उरलेल्या सहा मालकांना गोळा करायचं काम अंगावर घेतलं.

अशी आमची आठ जणांची फौज झाली. फौजच म्हणते, कारण पहिल्या दिवशी आम्ही माझ्या गाडीला बैलजोडी जुंपून ती शोरूमच्या दारात ओढत नेली. घोषणा झाल्या, मग दगड झाले. शोरूमची पुढची काच खळ्ळकन खाली आली तेव्हा माझ्या घशातून जो आवाज निघाला तो आनंदाचा होता. एका दगडानं वॉचमनचं डोकं फुटलं. तो माझा होता का, मला माहीत नाही. मिस्त्री लांब उभे होते. त्यांनी एकही दगड उचलला नाही. वॉचमनच्या डोक्याला रुमाल बांधायला तेवढे पुढं आले.

"असं न्हाय होत, बाई," मला म्हणाले. "आपलं खरं हाय. खऱ्याला दगड कशाला लागतोय?"

मग आम्ही वकील केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. मिस्त्री आमचे साक्षीदार. कंपनीनं गाड्या तपासायची मागणी केली, आयोगानं ती मान्य केली आणि तपासणी मिस्त्रींच्या शेडसमोर ठरली.

पुण्याहून कंपनीचा तपासनीस आला. पांढरे हातमोजे, बॅटरी, छोटी हातोडी. एप्रिलचं ऊन असं की पत्र्याला हात लागला तर चटका बसावा. त्यानं पहिल्या सात गाड्यांवर टकटक केलं आणि प्रत्येकीला एकच शेरा दिला : गंज वरवरचा, हमीत बसत नाही. हमीच्या कागदात म्हणे लिहिलेलं होतं की आतून बाहेर आरपार भोक पडलं तरच तो गंज.

माझ्या गाडीला भोक होतं. शिवाय पुढच्या दाराची बिजागरी जिथं बसते तो खांबही सडलेला. दार लोंबत होतं म्हणून मिस्त्रींनी त्याखाली लाकडी ठोकळा लावून ठेवलेला. तपासनीस सतरंजी टाकून गाडीखाली सरकला. बाहेर त्याचे दोन पाय तेवढे दिसत होते. आतून आवाज आला, "हे भोक पाडलेलं आहे."

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"स्क्रू ड्रायव्हरनं पाडलंय. या पत्रेवाल्यांचं काय घेऊन बसलात मॅडम, चहापाणी दिलं की म्हणाल तिथं भोक पाडून देतात."

मी मिस्त्रींकडं पाहिलं. ते खाली बघत होते. आडत्यानं कानाखाली दिली तेव्हाही ते असेच उभे राहिले असणार. जॅकची टॉमी, हातभर लांबीची लोखंडी सळई, माझ्या पायाशी पडलेली होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्या दोन पायांपैकी एकाच्या नडगीवर नेम धरला. हाड मोडायचंच होतं मला. घाबरवायचं नव्हतं, मोडायचं होतं. मी सगळ्या अंगानं मारलं.

मध्ये मिस्त्रींचा हात आला.

मनगटाचा आवाज झाला. ओलं लाकूड मोडतं तसा. मिस्त्री ओरडले नाहीत, खाली बसले. आणि बसता बसता त्यांनी पायानं तो ठोकळा सरकवला. दार करकरत खाली आलं, फरशीवर आदळलं. तपासनीस घाबरून गाडीखालून बाहेर आला, तेव्हा मिस्त्री दाराशेजारी हात पोटाशी धरून बसलेले आणि टॉमी आडत्याच्या पायाखाली.

"दार पडलं," मिस्त्री म्हणाले. ओठ पांढरे पडले होते. "हातावर पडलं दार. खांब कुजलाय."

आम्ही आठ जणांनी पाहिलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

सरकारी दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आला. मिस्त्रींनी तेच सांगितलं. तो गेल्यावर मी त्यांच्या खाटेपाशी उभी राहिले.

"का केलंत असं?"

"तुमची नौकरी गेली आसती. आन् क्येस बी."

"मिस्त्री, हात..."

"हाताचं बघू म्हनं," ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

सोलापूरला नेऊन ऑपरेशन केलं. हाडं जुळली, पण नस गेली होती. बोटं मिटेनात. तळहाताला स्पर्श कळेना. एकदा शेडमध्ये ते एका गाडीच्या दारावरून हात फिरवताना दिसले. फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला आणि मग डावा लावून बघितला. मी आत न जाता माघारी आले. रस्त्यात एक दुचाकीवाला आडवा आला, तर त्याला इतक्या शिव्या दिल्या की तो गाडी सोडून पळाला.

इकडं दार पडल्याची बातमी पेपरात आली. गंजलेल्या गाडीनं कारागिराचा हात घेतला, अशी. आमच्या वकिलानं मिस्त्रींचं शपथपत्र दाखल केलं. कंपनीचं धाबं दणाणलं. वरवरच्या गंजानं कुणाचा हात मोडत नाही, हे त्यांनाही कळत होतं. महिन्याभरात तडजोड आली : आठही जणांच्या गाड्या परत घेऊन पूर्ण भरपाई, मिस्त्रींच्या हाताची वेगळी भरपाई आणि गाडीच्या बांधणीत दोष होता असं लेखी. आडत्यानं पेढे वाटले. मिस्त्रींना त्या शेवटच्या कागदाचं अप्रूप होतं. "त्यो कागद शेडवर लावनार," ते म्हणायचे. "काचंत घालून. बघा म्हनावं, मिस्त्री चोर व्हता का."

तडजोडीच्या दिवशी आम्ही सगळे धाराशिवला आयोगात हजर होतो. मिस्त्री धुवट पांढऱ्या कपड्यात मागच्या बाकावर. कंपनीचा वकील उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "मिस्त्रींच्या दुर्दैवी अपघाताबद्दल कंपनीला मनापासून खेद आहे. माणसाच्या हाताची किंमत कंपनी जाणते." आणि हे बोलताना तो घड्याळात बघत होता.

कान तापले.

अध्यक्षांनी सहज विचारावं तसं मला विचारलं, "दार तुमच्या डोळ्यांदेखत पडलं ना?"

"नाही," मी म्हणाले. "हात मी मोडला. टॉमीनं. कंपनीच्या माणसाचा पाय मोडायचा होता, मध्ये हे आले."

लोक म्हणतात, बाई खरं बोलली. शाळेतल्या एका सरांनी तर माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. पण मला माझं माहीत आहे. मी सत्यासाठी बोलले नाही. त्या वकिलाचं घड्याळात बघणं मला सहन झालं नाही. त्याच्या तोंडावर मारायला हाताशी जे होतं ते मी मारलं. नेम त्याच्यावर होता, लागलं पुन्हा त्याच हाताला.

पुढचं पटापट झालं. कंपनीच्या वकिलानं तडजोड मागं घेतली. खोटं शपथपत्र म्हणून आयोगानं मिस्त्रींची सगळी साक्ष बाजूला ठेवली आणि ती गेल्यावर तपासनिसाच्या शेऱ्याविरुद्ध आमच्याकडं काही उरलं नाही. माझ्यावर गुन्हा दाखल झाला. तो अजून चालू आहे, नोकरीतून मी निलंबित आहे.

त्याच दिवशी बाहेर आवारात आडत्यानं माझा अंबाडा धरला आणि मला भिंतीवर आपटलं. "आठ घरं बुडवलीस, भवाने!" कपाळ फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं. माझी गाडी कंपनीला परत द्यायची म्हणून ओढून आणलेली होती, बाकीचे तिच्याकडं धावले. आयोगापुढच्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, त्यांनी तिच्या काचा फोडल्या, आरसे मोडले, टपावर चढून नाचले. पत्रा आत गेला. गंजलेला भाग पापुद्रे होऊन रस्त्यावर पडत होता आणि मी रक्त पुसत बघत होते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं, आणि जास्त जोरात.

पोलीस आल्यावर माणसं पांगली. मिस्त्री पायऱ्या उतरून माझ्यापाशी आले.

"माफ करा," मी म्हणाले.

"हात तर गेलाच हुता, बाई," ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "त्याचं म्या कायबी म्हनलं न्हाय. आठ जनांच्या कामाला येत हुता. माझ्या नावाला येत हुता. त्यो बी तुमी वाया घालवला."

आणि त्यांनी हात उचलला. सवयीनं उजवाच उचलला. बोटं लुळी लोंबत होती, मनगटावर टाक्यांची लाल रेघ. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि डावा वर गेला. मी मागं सरले नाही. उलट तोंड पुढं केलं. त्यांनी मारावं, जोरात मारावं, कपाळावरच्या फुटक्या जागेवरच मारावं, असं मला वाटत होतं. मारलं असतं तर मी मोकळी झाले असते.

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना ते कळलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि चालत निघून गेले.