उभ्यानं खाल्लेले मोमो

मला घरी जेवायला मिळतं. पोटभर मिळतं, वेळेवर मिळतं आणि गरम मिळतं. माझी सून शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी ती घरी आली की हातपाय धुऊन आधी कणिक भिजवते, मग पर्स जागेवर ठेवते. अमरावतीत आमच्या कॉलनीत आणि अकोल्यात आमच्या नातेवाइकांत गेलं वर्षभर याच्या बरोबर उलट बोललं गेलं, आणि ते माझ्यामुळे बोललं गेलं. त्याचं ओझं मला आहे. पण मी इथे कान पकडायला बसलेलो नाही. झालं ते जसं झालं तसं सांगणार आहे, आणि त्यातली एक गोष्ट मी यापुढेही करणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानाला लागून, एक चायनीजची गाडी लागते. लाल पाटी आणि त्यावर ड्रॅगन. रंगवणाऱ्यानं ड्रॅगन पाहिलेला नसावा, घोरपड पाहिलेली असावी. गाडीवाला तिवस्याचा. पुण्यात कुठल्याशा हॉटेलच्या भटारखान्यात काही वर्षं काढून बायकोसह परतला. तो नूडल्स परततो, ती मोमो वळते. मैद्याची पातळ पारी, आत बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा, नाहीतर कोंबडीचा खिमा, आणि वर चुण्या घालून बंद केलेलं तोंड. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, उंच भांड्यात जाळ्यांवर जाळ्या रचून ते वाफवतात. पाटीवर मोमोजच्या खाली "डिमसम" असंही लिहिलं होतं. मी विचारलं, "हे काय असते?"

"काका, तेच असते. मोठ्या हॉटेलात त्याले डिमसम म्हणतेत. तिथी खासान तं पेन्शन पुरनार नाही. इथी खा."

हे संभाषण पहिल्याच दिवशी झालं. मी बीपीच्या गोळ्या आणायला गेलो होतो. थंडीचे दिवस होते. त्यानं झाकण उचललं आणि माझा चष्मा वाफेनं पांढरा झाला. मी हाफ प्लेट मागितली. स्टीलच्या प्लेटीत पांढरेशुभ्र, चकचकीत मोमो आले. चटणी मात्र पक्की इकडची. पहिल्या घासाला कानापर्यंत गेली. गाडीजवळ बसायला काही नाही. लोक पार्सल नेतात, नाहीतर उभ्यानं खातात. मी उभ्यानं खाल्ले. प्लेट रिकामी व्हायला आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की सत्तरी ओलांडलेला मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उभा राहून खातो आहे.

यात एवढं काय, असं कोणाला वाटेल. म्हणून आमच्या वडिलांचं सांगावं लागेल.

आमचं गाव भातकुलीकडचं. वडील मजुरी करायचे. गावच्या फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. आतली बाकडी इतरांसाठी. आमच्या लोकांसाठी बाहेर, वळचणीला, कान तुटलेले कप टांगलेले असत. आपला कप आपण काढायचा, पुढे धरायचा, वरून चहा ओतला जायचा. तो उभ्यानं प्यायचा आणि कप विसळून पुन्हा टांगायचा. भजी घेतली तर कागदावर, तीही उभ्यानंच. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी त्या हॉटेलकडे जाणं सोडलं आणि घरात नियम केला. आपल्या घरातलं कोणी यापुढे उभ्यानं खाणार नाही. बसून खायचं आणि ताटात खायचं, मग ताटात नुसती चटणी-भाकर का असेना.

तो नियम आमच्या सगळ्या गोतावळ्यात अजून आहे. लग्नातल्या पंगती गेल्या, बफे आले, पण आमची माणसं आधी खुर्ची धरतात आणि मग प्लेट घेतात. माझी थोरली बहीण अकोल्याला असते, ऐंशीच्या घरात आहे. तिला आम्ही बाई म्हणतो. बाई लग्नाला जाताना पिशवीत सतरंजी नेते. खुर्च्या कमी पडल्या की मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकून बसते आणि आमच्यातल्या एकेकाला हाक मारून बसवते. लोक हसतात. तिला काही वाटत नाही. ते कप तिनं स्वतः पाहिलेले आहेत.

तरीही मी त्या गाडीवर पुन्हा गेलो. चवीसाठी गेलो हे खरं. पण पुन्हा पुन्हा जाऊ लागलो त्याचं कारण वेगळं आहे. एका संध्याकाळी माझ्या बाजूला पांढऱ्या शर्टातला एक माणूस चिकन मोमो खात उभा होता. फोनवर तूर काढायचं बोलत होता, शेतावरच्या सालदाराचं बोलत होता. गावाची, शेतांच्या धुऱ्यांची नावं आली तशी मला ओळख पटली. आमच्याच गावच्या पाटलांच्या घरातला होता. त्याचे आजोबा आतल्या बाकड्यावर बसत. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. फोन ठेवून तो म्हणाला, "काका, चटणी सरकवा जरा."

चटणीचं वाडगं एकच होतं आणि चमचाही एकच. मी सरकवलं. त्यानं घेतली. मग आमच्या दोघांच्या प्लेटी एकाच टोपल्यात गेल्या. बस, एवढंच. मी घरी आलो तेव्हा अंगात तापासारखं काहीतरी भरलं होतं. आनंदच होता तो, पण घरात सांगायची सोय नव्हती. सांगायचं तर उभ्यानं खाल्लं हेही सांगावं लागलं असतं.

म्हणून मी खोटं बोलू लागलो. सून विचारायची, "मामाजी, पोळी वाढू?" मी म्हणायचो, "नको, पोट जड आहे." माझ्या वाट्याच्या पोळ्या उरायच्या. सकाळी शाळेत जाताना ती त्या गेटाबाहेरच्या कुत्र्याला घालायची. समोरच्या घरातल्या बाईंनी सकाळी ते पाहिलं आणि संध्याकाळी मला गाडीवर पाहिलं. दोन्ही जोडून त्यांनी जे तयार केलं ते असं: सून कुत्र्याले पोया चारते अन् सासरा गाडीवर खाते.

त्यांचं माहेर अकोल्यात, माझ्या बहिणीच्या, बाईच्या गल्लीतलं. बातमी तिकडे पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, म्हाताऱ्याला चटक लागली असेल. बाईला तसं सुचणं शक्यच नव्हतं. आपला भाऊ, आपल्या बापाचा मुलगा, रस्त्यावर उभा राहून खातो, याचा तिच्यापाशी एकच अर्थ होता. भुकेनं जीव जायची वेळ आल्याशिवाय तो असं करणार नाही.

पुढे अकोल्यात बाईच्या नातवाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा झाला. सगळे जमले होते. जेवणं चालली होती, आमची माणसं अर्थातच खुर्च्यांवर होती. बाईनं माझ्या सुनेला सगळ्यांदेखत जवळ बोलावलं.

"कावो सूनबाई, माह्या भावाले घरी किती पोया भेटतेत?"

सुनेला काही कळलं नाही. "त्यायले लागतीन तेवढ्या, आत्याबाई."

"मंग तो रस्त्यावर उभा राहून कावून खाते? आमच्या बापानं जे सोडलं ते तुया राज्यात पुन्हा सुरू झालं काय?"

"नोकरीवाली हाय ते," मागून कोणीतरी बोललं. "टाइम नसन भेटत."

"कुत्र्याले द्याले भेटते न टाइम," दुसरी म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन खुर्च्या सोडून मांडीवर प्लेट घेऊन बसलो होतो. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की मला आवडतं म्हणून मी खातो. पण बाईसमोर, त्या खुर्च्यांवर बसलेल्या माझ्या माणसांसमोर, उभ्यानं खातो हे तोंडातून निघेना. मी चमच्यानं गुलाबजामाचे तुकडे करत राहिलो. सुनेनं जवळच्या उष्ट्या प्लेटी उचलल्या आणि ठेवायला निघून गेली.

परत येताना मुलगा गाडी चालवत होता. मूर्तिजापूर मागे पडल्यावर सून म्हणाली, "मामाजी, तुमी त्या गाडीवर मोमो खाता?"

"हो."

"साधे का चिकनचे?"

"दोन्ही."

"मंग सर्वे मले बोलून राहिले होते तवा तुमच्या तोंडात मोमोच होता काय?"

मुलगा हसायला लागला आणि तिच्याकडे पाहून थांबला. घरी आल्यावर मुलानं तोडगा काढला. "बाबा, मी पार्सल आणत जाईन. घरी बसून खा. कोणाले दिसणार नाही, विषय संपला."

मी नाही म्हणालो. लपून खाल्लं तर मी चूक करतो आहे असं ठरतं, आणि मग सुनेनं ती चूक करायला लावली असंही ठरतं. शिवाय पार्सलमध्ये पारी चिकट होते, हेही एक कारण आहेच. मुलगा वैतागला. सून मात्र शांतपणे म्हणाली, "लपू नका. पण मले सांगून काय फायदा? जिथी गप बसले तिथी सांगा."

दुसऱ्या दिवशी मी बाईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाडी, पाटील, चटणीचं वाडगं, पोट जड असल्याचं खोटं, सगळं. बाईनं ऐकून घेतलं.

"तिनं शिकवलं काय तुले हे?"

"नाही, बाई."

"बाजूले उभी असन."

"ते शाळेत गेली."

"मंग लिहून देऊन गेली असन. तू काय आजचा भोळा हायेस?"

मी जितकं सुनेच्या बाजूनं बोललो तितका मी तिच्या धाकात आहे हे बाईला पटत गेलं. शेवटी ती म्हणाली, "बाप असता तं काय म्हणला असता?"

"बापाले उभं ठेवत होते, बाई. मी उभा राहतो. मले कोणी उभा राह्य म्हणत नाही. बाजूले पाटील उभा असते."

"पाटलाले उभं राह्याची हौस असन. आपल्याले नाही."

बाई शाळेत गेलेली नाही, पण तिला हरवणं सोपं नाही. तरी मला तिचं म्हणणं मान्य नाही. वडिलांनी बसायचा हक्क मिळवला. तो मिळालेला माणूस उभा राहिला तर तो हक्क जात नाही. मी नोकरीत खुर्चीवर बसलो, घरी टेबलावर बसतो, आणि संध्याकाळी मला वाटतं म्हणून गाडीपाशी उभा राहतो. फोन ठेवताना बाई म्हणाली, "मी सर्वायसमोर बोलली. खोटं होतं तं तुवा तिथीच, सर्वायसमोर बोलाचं होतं." यात मात्र ती बरोबर होती.

बाईच्या त्या नातवाचं लग्नही अकोल्यालाच होतं. बफे होता. आमच्या लोकांनी खुर्च्या ओढून रिंगण केलं होतं, मध्ये बाई. मी प्लेट घेतली. हल्ली प्रत्येक लग्नात चायनीजचा काउंटर असतो, तिथून मोमो घेतले आणि रिंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. भाच्यानं खुर्ची आणली. "मामा, बसा."

"नाही बसत."

सगळ्यांना ऐकू जाईल एवढा आवाज काढला. मी म्हणालो, "माह्या सुनेनं मले एक दिवस उपाशी ठेवलं नाही. गाडीवर मी माह्या मनानं खातो. घरी पोट जड हाय असं खोटं सांगतो, म्हणून पोया उरतेत. साक्षगंधाले मी गप बसलो, ते माहं चुकलं. तिचं काही चुकलं नाही. आता ज्याले बोलाचं त्यानं मले बोला."

समोरच्या घरातल्या बाई माहेरच्या नात्यानं आल्या होत्या, त्यांनी पदर सारखा केला. मी एक मोमो तोंडात घातला. गार होता, आणि आतला कोबी कच्चा. तरी सगळे खाल्ले, तिथेच, उभ्यानं.

"बस आता," बाई म्हणाली. "पाय दुखतीन."

"नाही दुखत."

दुखत होते. गुडघे भरून आले होते. पण प्लेट संपेपर्यंत बसलो नाही. बाईनं सुनेची माफी वगैरे मागितली नाही, तिच्या वयाची माणसं मागत नाहीत. निघताना तिला एवढंच म्हणाली, "त्याच्या गोया वेळेवर देत जा."

"देतो, आत्याबाई," सून म्हणाली.

यानं सगळं मिटलं असं नाही. मांडवात होते त्यांनी ऐकलं, जे नव्हते त्यांच्यापर्यंत भलतंच गेलं. आता कॉलनीत म्हणतात की म्हातारा चळला, भर लग्नात तमाशा केला. समोरच्या बाई सांगतात, सून बिचारी कसं सांभाळते तिचं तिला माहीत. मला चळलेला म्हणा, माझी तक्रार नाही. निदान आता बोट माझ्याकडे आहे, आणि ते आधीपासून माझ्याकडेच असायला हवं होतं. संध्याकाळी मी गाडीवर जातो. जाण्याआधी घरात सांगतो, की आज माझी पोळी टाकू नको.

परवा मी कौतुकानं सुनेला सांगायला गेलो की आता कॉलनी तुझ्या बाजूनं आहे, तुला बिचारी म्हणतात. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "बिचारी कावून? मी काय केलं बिचारीसारखं? आधी उपाशी ठेवणारी होती, आता बिचारी झाली. हेबी तुमच्यामुळंच न, मामाजी?"

हेही माझ्यामुळेच. तेव्हा जाता जाता हेही नोंदवून ठेवतो. माझी सून बिचारी नाही. ती नोकरी करते, घर चालवते, माझ्या तोंडावर मला बोलते, आणि सगळ्यांदेखत जे बोलायला मला दोन समारंभ लागले ते तिनं मूर्तिजापूर ओलांडताच एका वाक्यात विचारलं होतं. तिच्याबद्दल ज्याला बोलायचं असेल त्यानं हे धरून बोलावं.