पायांचं माप

"तोंड नको. कमरेखालचाच फोटो घे."

मोठे डॉक्टर असं म्हणाले तेव्हा मी शाळेच्या टेबलावर उभी होते. नऊ वर्षांची. माझा झगा कंपाउंडरनं कमरेवर धरलेला. खिडक्यांना सगळं गाव लटकलेलं. पोरं ओरडत होती, "फेंगडी! फेंगडी!" डॉक्टरांनी त्यांना हटकलं नाही. माझ्या वाकड्या नडग्यांवर खडूनं रेघा मारल्या, पट्टी लावली, आकडे सांगितले. लाजेनं मी टेबलावरच मुतले. त्यांनी बूट बाजूला घेतले, एवढंच.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वाकड्या हाडांवर संशोधन करायला शहरातून आमच्या मोहाडीला जीप यायची.

आईनं हात जोडले. "साहेब, पोरीचे पाय सरळ होतीन ना?"

"बघू. दर वर्षी आणत जा."

आम्ही कोष्टी. घरात हातमाग; उभ्या धाग्यांचा ताणा, त्यातून धावणारा धोटा. माप घेतलं म्हणजे इलाज सुरू झाला, असं आईला वाटलं. शेजारीण म्हणाली, नागपूरला दाखव. आई तिच्यावरच उखडली. "आधी माप, मंग काम. ताना मोजल्याबिगर धोटा चालते का कधी?"

माझी माय बावळट नव्हती. मोजलेला ताणा विणावाच लागतो. माप घेऊन सोडून देणारी माणसं तिनं पाहिलीच नव्हती.

दर वर्षी ती मला न्हाऊ घालायची, पायांना तेल चोळायची आणि स्वतःच्या हातानं टेबलावर चढवायची. आठ वर्षं. मी वयात आले, तरी परकर कमरेवरच.

आठव्या वर्षी एक शिकाऊ डॉक्टर होता. नवा होता, म्हणून खरं बोलला. मी विचारलं, "माह्यं आपरेशन कधी?"

त्यानं कागद चाळले. "तुमचं नाव इलाज न करायच्या यादीत आहे."

"काहून?"

"काहींची हाडं सरळ केली, काहींची तशीच ठेवली. नाहीतर फरक कसा कळणार? लहानपणी सोपं होतं. आता उशीर झाला."

आई दाराशीच उभी होती. ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्याच केलं," म्हणाली. मरेपर्यंत तेच म्हणत राहिली. डॉक्टरांना एक शिवी दिली नाही तिनं. त्याचा राग अजून माझ्या अंगातून जात नाही.

मोठे डॉक्टर आत आले. "चल, चढ वर."

"नाही चढत."

"अगं, यातून उद्या हजारो मुलांचं भलं होईल."

"मंग तुमच्या पोरीले चढवा."

शिकाऊच्या हातातले माझे कागद मी ओढले. कंपाउंडर धावला. मला पळता येत नाही. तिथंच उभी राहून फाडले.

आता कुठल्याही गावात तपासणीवाले आले की मी फेंगडत का होईना, पोचते. सगळ्यांसमोर विचारते, इलाज कोणाचा करणार आणि नुसतं मोजणार कोणाला? यादी वाचा. मोठ्यानं वाचा. वाचत नाहीत तोवर एकाही पोराला हात लावू देत नाही.